सांगा, तांबोळी चुकली

आमच्या डिपार्टमेंटात चूक नेहमी दुसऱ्याची असते. ऑफिसात बसून उभा जन्म मी हेच बघत आले. प्रयोग फसला तर पार्ट खराब निघाला. पार्ट चांगला असेल तर लाइट गेली होती. लाइटही असेल तर मग फाइल जाधवबाईंच्या टेबलावर अडकली होती. जाधवबाई म्हणजे मी. माझ्या टेबलावर काही अडकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. या सगळ्या शहाण्यांच्या बाजारात एकच बाई अशी होती, की स्वतःची चूक सापडली की तिचा चेहरा फुलायचा. हरवलेली किल्ली सापडावी तसा.

तांबोळी मॅडम. डॉ. नसीम तांबोळी. मूळच्या मिरजेच्या, निम्मं आयुष्य दिल्लीत काढलेल्या, आणि ऑपरेशन करताना सर्जनच्या हाताला साथ देणारी यंत्रं बनवणाऱ्या. परवा नव्या बॅचची मुलं लॅब बघायला आली होती. त्यातल्या एकाने मला विचारलं, "मैम, ये तांबोळी मैम कौन थीं? यहाँ सब उनका नाम लेकर हमें डराते हैं." मी म्हटलं, बस बेटा, चहा घे, सांगते. पण हिंदीत काही जमेना. मॅडम हिंदीत मावतच नाहीत. म्हणून हे घरी येऊन मराठीत लिहायला बसले.

आम्ही दोघी मयूर विहारच्या. त्यांची सोसायटी आमच्या सोसायटीच्या समोर, त्यामुळे मेट्रोला सोबत ठरलेली. अंगावर कॉटनची साडी, खाली स्पोर्ट्‌स शूज, खांद्याला लॅपटॉपची अवजड बॅग. मी सरकत्या जिन्यावर उभी राहायचे आणि त्या बाजूचा साधा जिना चढून माझ्याआधी वर पोचलेल्या असायच्या. वर उभ्या राहून म्हणायच्या, "काय जाधवबाई, मशीनवर फार विश्वास तुमचा!" आता बोला. यंत्रं बनवून पोट भरणारी बाई हे मला सांगणार.

त्यांचं काम काय होतं ते मला समजलं तसं सांगते, मी काही इंजिनिअर नाही. आपल्या कानात, पडद्याच्या आत, तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं. ते हललं की ऐकू येतं. काही लोकांचं ते हाड जागच्या जागी घट्ट बसतं आणि माणूस हळूहळू बहिरा होत जातो. त्यावर ऑपरेशन आहे, पण जागा इतकी चिमुकली की कितीही कसलेला सर्जन असो, हाताची बारीकशी थरथरसुद्धा तिथे फार होते. मॅडमचं यंत्र म्हणजे टेबलाला जोडलेला एक यांत्रिक हात. हत्यार सर्जनच्याच हातात, पण ते हत्यार यंत्रानेही धरलेलं. सर्जन नेईल तिकडे यंत्र जाणार, फक्त मधली थरथर गिळून टाकणार. एकदा एक टीव्हीवाली पोरगी आली, माईक पुढे करून म्हणाली, "तो मैम, अब ऑपरेशन रोबोट करेगा?" मॅडम म्हणाल्या, "बिल्कुल नहीं. ऑपरेशन डॉक्टर करेंगे. ये सिर्फ उनका हाथ पकड़ेगा." पोरीला बातमी हवी होती, ती हिरमुसली.

"कानच का, मॅडम?" मी एकदा विचारलं होतं.

"हृदयाच्या मागे सगळी दुनिया लागलीय. बिचाऱ्या कानाला कोण विचारतं?" एवढंच उत्तर. आणि डबा पुढे केला. डब्यात भडंग. सांगली-मिरजेकडचं ते झणझणीत भडंग त्यांनी सगळ्या लॅबला खायला लावलं होतं. पंजाबी पोरं डोळ्यांत पाणी आणून खायची आणि वर "एक मुट्ठी और" म्हणायची.

लॅबमध्ये त्यांचे दोन कायदे होते. पहिला, आधी थांबवून दाखव. कुणी महिनोन्‌महिने खपून यंत्राचा नवा भाग बनवावा, मॅडमना हौसेने बोलावून आणावं, आता हे कसं फिरतं बघा म्हणावं, तर या हाताची घडी घालून उभ्या. "फिरेल की. फिरायला काय होतंय! आधी थांबवून दाखव." मधेच लाइट गेली तर थांबतं का, तार निसटली तर थांबतं का, पेशंट शिंकला तर थांबतं का. हे सगळं झालं की मग फिरवा किती फिरवायचं ते. एकदा मंत्रालयातून एक बडे साहेब आले होते, मागे चार माणसं फाइली घेऊन. त्यांनाही बाईंनी यंत्र थांबवूनच दाखवलं. थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबवलं. साहेब गोंधळून म्हणाले, "मैडम, चलता कब है?" आमच्या डीनसाहेबांचा चेहरा असा पडला म्हणता! मॅडमना त्याचं काही नाही. उलट साहेबांनाच खुर्चीवर बसवलं, हत्यार हातात दिलं आणि म्हणाल्या, आता तुम्हीच चालवा आणि तुम्हीच थांबवा. साहेब लहान मुलासारखे रमले. पुढचे सगळे कार्यक्रम लांबले, आणि जाताना ते डीनऐवजी मॅडमचा हात हातात घेऊन बोलत होते.

दुसरा कायदा जरा कडक. "मशीन चुकलं" हे वाक्य लॅबमध्ये बोलायचं नाही. मशीनला अक्कल नाही, ते कसं चुकेल? चुकतो आपण. तेव्हा "मी चुकलो" किंवा "मी चुकले" म्हणायचं, तेही सगळ्यांसमोर, उभं राहून. आणि सगळ्यांना समोसे. आमच्या कँटीनवाल्याचा धंदा त्या लॅबवर चालायचा म्हणा ना. गंमत म्हणजे रागावल्या की बाई मराठीतच बोलायच्या, समोर कुणीही असो. त्यामुळे दिल्ली, गाझियाबाद, रोहतकच्या पोरांना मराठी येत नव्हतं, पण मराठी शिव्या येत होत्या. वेंधळा, चक्रम, धांदरट. माझी मुलगी इथेच वाढली, तिला धांदरट म्हणजे काय ठाऊक नाही. पण लॅबमधल्या आमच्या गौरव त्यागीला ठाऊक आहे. तो घरी आपल्या धाकट्या भावाला धांदरट म्हणतो.

त्यांच्या मराठीवरून आठवलं. आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना घेऊन गेले होते. नाव कळल्यावर एक बाई अगदी कौतुकाने म्हणाल्या, "अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी मोदकाचा घास संपवला, पदराला बोटं पुसली आणि तितक्याच कौतुकाने म्हणाल्या, "तुमचंही बरं आहे की." येताना रिक्षात आम्ही दोघी इतक्या हसलो, की रिक्षावाल्याने मागे वळून बघितलं. मला आजही हसू येतं. पण खरं सांगू? त्या दिवशी मला त्यांचा अभिमानही फार वाटला. वाद नाही, भांडण नाही, एका वाक्यात हिशेब चुकता.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

मॅडमचं रिटायरमेंट जवळ आलं होतं. यंत्र तयार होतं. सगळ्या चाचण्या झाल्या होत्या, कमिटीची परवानगी आली होती आणि पहिल्या माणसावरच्या पहिल्या ऑपरेशनचा दिवस ठरला होता, रिटायरमेंटच्या आधीच्या आठवड्यातला. आयुष्यभर ज्याच्यामागे धावल्या ते खुर्चीवर असताना डोळ्यांनी बघायचं, एवढीच बाईंची इच्छा होती. त्या बोलून दाखवत नव्हत्या, पण मला दिसत होतं. मेट्रोत एरवी अखंड बडबड करणारी बाई त्या दिवसांत खिडकीबाहेर यमुनेकडे बघत बसायची. एकदा स्वतःहूनच म्हणाल्या, "जाधवबाई, एकदा बघून जायचं आहे हो. मग झाडू मारायला लावलंत तरी मारीन."

ऑपरेशन करणार होते डॉ. मेहरा. कानाचे जुनेजाणते सर्जन, लाहोरहून आलेल्या घरातले, बोलायला मिठ्ठास आणि हात म्हणजे सोनं. वय झालेलं, म्हणून हातात थोडी थरथर आलेली. यंत्र त्यांच्यासाठी वरदानच होतं. लॅबकडून सगळं सांभाळत होती प्राजक्ता. बीडची मुलगी. इंजिनिअरिंग करून दिल्लीत यूपीएससीसाठी आलेली, करोल बागेत खोली घेऊन राहिलेली, परीक्षेने दोनदा पाठ फिरवल्यावर रडत परत निघालेली. कुणीतरी मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी तिला लॅबमध्ये ठेवून घेतलं, एम.टेक.ला बसवलं, मग पीएच.डी.ला. मुलगी त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

रंगीत तालीम हॉस्पिटलच्या ट्रेनिंग हॉलमध्ये होती. देहदान केलेल्या एका माणसाच्या कानाच्या हाडावर. मी निमंत्रितांच्या बसण्याची सोय बघायला गेले होते, म्हणून तिथे होते. सुरू करण्याआधी मॅडम नेहमीप्रमाणे सगळ्यांना उभं करायच्या. ज्याने हे दिलं त्याच्यासाठी क्षणभर गप्प राहायचं. प्राजक्ताने हात जोडले, मॅडमच्या ओठांवर दुवा, मेहरासाहेबांनी डोळे मिटले. मग काम. मोठ्या पडद्यावर दिसत होतं, हत्यार जराही हलत नव्हतं. टाळ्या. डीनसाहेब तर उठून मेहरांची पाठ थोपटायला गेले.

मेहरासाहेब मात्र हातमोजे काढता काढता नुसतं म्हणाले, "बहुत बढ़िया, नसीमजी. बस... मज़ा नहीं आया."

"मज़ा?"

"पता नहीं. हड्डी बोली नहीं मुझसे."

सगळे हसले. गौरव माझ्या कानाशी पुटपुटला, साहब पुराने ज़माने के हैं, मशीन की आदत नहीं है. मलाही तेच वाटलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मेहरांना पुन्हा मोजे घालायला लावले. म्हणाल्या, आता यंत्र बाजूला. दुसरं हाड घ्या, नेहमीसारखं करा, आणि मी बघणार आहे ते फक्त तुमच्या बोटांकडे.

साहेब करत होते. मॅडम त्यांच्या कोपराजवळ स्टुलावर, श्वास रोखून. आणि एका जागी त्यांनी "रुकिए" म्हटलं. "ये क्या किया आपने अभी?"

"क्या किया?"

"तुमने हड्डी को हिलाया." गडबडीत बाई तुम म्हणून गेल्या. मेहरांनी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

खरंच केलं होतं. कापण्याआधी हत्याराच्या टोकाने त्यांनी त्या हाडाला हलकेच ढोसलं होतं, पटपट, दोन-तीनदा. घट्ट बसलंय की सैल आहे ते बघायला. आपण भाजी घेताना टोमॅटो दाबून बघतो ना, अगदी तसं. आयुष्यभर ते हे करत आले होते आणि आपण करतो हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. आणि आमचं यंत्र? त्याला हे पटपट ढोसणं म्हणजे म्हाताऱ्या हाताची थरथर वाटली. त्याने ती इमानेइतबारे गिळून टाकली. सर्जन हाडाला विचारत होता आणि आमचं यंत्र त्याचं तोंड दाबून धरत होतं.

मग मॅडम उभ्या राहिल्या. "मी चुकले," त्या म्हणाल्या. मराठीतच. डीनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, क्या कह रही हैं? मी सांगितलं.

पुढचा तास मी कधी विसरणार नाही. डीनसाहेब समजावत होते, की तारीख ठरलीय, पाहुणे ठरलेत, परवानगी हातात आहे, आणि साहेबांनी हाड न ढोसता केलं तरी ऑपरेशन होतंच की. आत्ता आपण बघितलं. मेहरासाहेब स्वतः म्हणाले, "नसीमजी, मैं कर लूँगा. आपके लिए कर लूँगा." हे ऐकून तर प्राजक्ताला रडूच फुटलं. "मॅडम, पुढच्या आठवड्यात तुम्ही जाताय. हे तुमच्या हातून व्हायला पाहिजे. नंतर दुरुस्त करू ना आपण!"

मॅडमनी तिला जवळ ओढलं. "अगं वेडे, माझ्या हातून कुठे होणार होतं? मेहरांच्या हातून होणार होतं. आणि आपण त्यांचाच हात बधिर करून ठेवलाय. टेबलावर जी पेशंट असेल, तिने काय पाप केलंय? मला बघायचं होतं म्हणून तिने मुकाट झोपायचं?"

मग माझ्याकडे वळल्या. "जाधवबाई, सगळ्यांना फोन लावा. पुढे ढकललंय म्हणून सांगा."

"कारण काय सांगू?"

"सांगा, तांबोळी चुकली."

मी कुठली सांगतेय! माझ्याच्याने ते होईना. व्हरांड्यात जाऊन मी पहिला फोन लावला आणि म्हटलं, कुछ तकनीकी कारण से कार्यक्रम स्थगित... एवढ्यात मागून हात आला आणि फोन गेला. "तकनीकी-वकनीकी कुछ नहीं है, साहब. मेरी गलती है. डॉक्टर साहब के हाथ को मैंने ठीक से समझा नहीं. जी. जी, मेरी ही. नमस्कार." फोन मला परत देऊन म्हणाल्या, "जमेल आता?" एकेक करत सगळ्यांना फोन केले. तेच वाक्य सांगितलं. सांगताना सुरुवातीला मी अडखळत होते, आणि शेवटी शेवटी, काय सांगू, मला ते वाक्य म्हणताना छाती फुगल्यासारखी वाटत होती. आमची तांबोळी चुकलीय, आहे तुमच्यात कुणी असं सांगणारा?

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये समोसे आले. कायदा म्हणजे कायदा.

पुढच्या आठवड्यात त्या रिटायर झाल्या. निरोपाच्या भाषणात डीनसाहेबांनी "अधूरा सपना" वगैरे म्हटलं, तेव्हा मॅडम खालून मोठ्याने म्हणाल्या, "अधूरा नहीं, लेट है. दिल्ली में सब लेट है." हॉल हसला. मी मात्र घरी येऊन रडले. नवरा म्हणाला, रिटायर तू झालीस की त्या?

लॅब प्राजक्ताच्या हाती आली, म्हणजे नावाला दुसऱ्या प्रोफेसरांच्या आणि खरं तर तिच्या. काम साधं नव्हतं. हात थरथरतो तो चहूकडे थरथरतो आणि हात विचारतो तो एकाच दिशेने विचारतो, एवढा फरक सापडला होता. पण तो यंत्राला कळायला हवा. त्यासाठी तिने गावोगावचे सर्जन बोलावून त्यांच्या बोटांच्या हालचाली टिपून घेतल्या. प्रत्येकाची ढोसण्याची तऱ्हा वेगळी निघाली आणि एकालाही आपण असं करतो हे माहीत नव्हतं. मॅडम कधीतरी यायच्या, पाहुण्यांच्या खुर्चीत बसायच्या, काही म्हटलं तर "मला काय विचारतेस, लॅब तुझी" म्हणायच्या. यंत्राला हात लावत नसत. अशी सवय सुटायला केवढं बळ लागत असेल!

आणि अखेर तो दिवस आला. यंदाच्याच हिवाळ्यातला. कुठला समारंभ नाही, पाहुणे नाहीत. प्राजक्ताने फक्त आम्हा दोघींना बोलावलं होतं. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पडदा, समोर लॅबची मुलं, आणि ऑपरेशन वर, पाचव्या मजल्यावर. पेशंट हापुडच्या एक शाळामास्तरीण. वर्गातल्या मुलांचं ऐकू येत नाही म्हणून नोकरी सोडायच्या बेतात आलेल्या. या ऑपरेशनला पेशंटला झोपवत नाहीत, नुसता कान बधिर करतात. त्या जाग्या होत्या.

पडद्यावर हत्याराचं टोक त्या कणीएवढ्या हाडापाशी आलं. थांबलं. आणि मग त्याने हाडाला हलकेच, पटपट ढोसलं. यंत्राने ढोसू दिलं. वरून मेहरासाहेबांचा आवाज स्पीकरवर आला, "हाँ, बोली. जमी हुई है." शेजारी मॅडमनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली.

पुढचं काम चालू राहिलं. जुनं हाड निघालं, त्या जागी केसासारखी बारीक नवी दांडी बसली. मग मेहरासाहेब हातचं सगळं थांबवून अगदी हलक्या आवाजात, कुजबुजल्यासारखं म्हणाले, "बहनजी, कुछ सुनाई दे रहा है?"

मग हापुडच्या मास्तरीणबाई वैतागून म्हणाल्या, "सुन रही हूँ डॉक्टर साहब, आप इतना चिल्ला क्यों रहे हैं?"

खोलीत एकच गिल्ला झाला. पोरं उड्या मारायला लागली, गौरवने खुर्ची पाडली, प्राजक्ता वर थिएटरमध्ये होती ती पडद्यावर मास्कमध्ये रडताना दिसत होती. मी टाळ्या वाजवत वळून बघितलं, तर मॅडम उभ्या. डोळ्यांतून घळघळा पाणी, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. आमच्या आणि त्या बाईंच्या मध्ये तीन मजले होते, पण त्या पोरांना दटावत होत्या.

"श्श्! हळू रे, हळू बोला. तिला ऐकू येतंय."